गोल्फ ड्रायव्हिंग रेंजवर येण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरच्या बाहेर, वावरांना लागून असलेल्या आमच्या रेंजवर येणारे बहुतेक जण गोल्फचा क्लब, म्हणजे बॉल मारायची काठी, पहिल्यांदाच हातात धरत असतात. वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांतून शिफ्ट संपवून येणारे, जालना-बीडहून लेकरंबाळं घेऊन येणारे, क्रिकेट सोडून हे शिकू पाहणारे, सगळे फोनवर आणि काउंटरवर साधारण हेच प्रश्न विचारतात. घाईत असाल तर २, ३ आणि ७ हे प्रश्न तरी वाचूनच या.

१. मी आयुष्यात कधी गोल्फ खेळलो नाही. पहिल्या दिवशी रेंजवर नेमकं करायचं काय?

काउंटरवर बॉलची बकेट घ्यायची, सांगतील त्या मॅटवर जायचं आणि समोरच्या मोकळ्या मैदानात बॉल मारायचे. इथं होल नसतात, गुण नसतात, कुणी जिंकत-हरत नाही. ही फक्त सरावाची जागा आहे. समोर जे झेंडे दिसतात त्यांवरचे आकडे यार्डात असतात. एक यार्ड म्हणजे साधारण ०.९१ मीटर, म्हणजे १५० चा झेंडा आपल्यापासून १३७ मीटरवर आहे असं समजा.

क्लब नसेल तर मागून घ्या आणि सुरुवात वेज किंवा ९ नंबरच्या आयर्नने, म्हणजे लोखंडी टोकाच्या आखूड क्लबने, करा. पहिले वीसेक बॉल अर्ध्याच स्विंगने, म्हणजे क्लब अर्धाच फिरवून, मारा. नवीन माणूस आला की सगळ्यात लांब क्लब, म्हणजे ड्रायव्हर, उचलतो आणि पूर्ण ताकदीने फिरवतो. त्यात बॉल लागत नाही, कंबर मात्र धरते. ड्रायव्हरला दोन-तीन आठवडे हात लावला नाही तरी काही बिघडत नाही.

२. नियम खूप असतील, पण सगळ्यात महत्त्वाचा एकच सांगा.

मॅटच्या पुढे आखलेली रेघ ओलांडायची नाही. कुणीही, कशासाठीही, एक पाऊलसुद्धा नाही.

टीवरून (बॉल ठेवायच्या छोट्या खुंटीवरून) बॉल घरंगळून दोन फुटांवर पडला, तर तो तिथंच राहू द्या, बकेटमधला दुसरा घ्या. टोपी वाऱ्याने उडाली, राहू द्या. घामाने हात सुटून क्लबच पुढे जाऊन पडला, तरी स्वतः आणायला जाऊ नका. हात वर करा, आमचा माणूस शिट्टी वाजवेल, सगळे थांबतील, मग तो आणून देईल. यात कुणाला काही वाटण्याचं कारण नाही, असं महिन्यातून बऱ्याचदा होतं.

इतकं कडक का, ते सांगतो. गोल्फचा बॉल जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम वजनाचा असतो, म्हणजे क्रिकेटच्या बॉलच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. म्हणून लोकांना तो निरुपद्रवी वाटतो. पण साध्या हौशी खेळाडूच्या ड्रायव्हरवरूनही तो ताशी २०० किलोमीटरच्या आसपास सुटतो, आणि त्याची सगळी ताकद सव्वाचार सेंटिमीटरच्या टणक गोळ्यात असते. क्रिकेटमध्ये बॅट्समनचं बॉलरकडे लक्ष असतं, फील्डरचं बॉलकडे असतं. इथं मारणारा माणूस खाली मॅटकडे बघतोय. तुम्ही पुढे गेलात हे त्याला कळणारच नाही.

३. क्लब फिरवताना आजूबाजूला किती जागा सोडायची?

निदान चार मीटर. ड्रायव्हर साधारण ४५ इंच लांब असतो, म्हणजे सव्वा मीटरला थोडा कमी. त्यात तुमचे हात धरा. क्लब मागे जातो, डोक्यावरून फिरतो आणि दुसऱ्या बाजूला जातो, त्यामुळे धोका पुढे-मागे दोन्हीकडे असतो.

रेंजवर ज्याची खरी धास्ती वाटते ते हेच आहे. बॉलला सगळे घाबरतात, क्लबला कुणी घाबरत नाही. मॅटमागे गप्पा मारत उभा असलेला मित्र बोलता बोलता अर्धं पाऊल पुढे येतो, मारणाऱ्याला ते माहीत नसतं, आणि लोखंडाचं टोक कपाळाच्या उंचीवरून जातं. म्हणून प्रत्येक स्विंगच्या आधी मान वळवून मागे बघा. दर बॉलला बघा, दहा बॉलमध्ये एकदा बघून भागत नाही. आणि बघणाऱ्यांनी मागच्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे यायचं नाही.

हवेत नुसता स्विंग करून बघायचा असेल तर तोही मॅटवर उभं राहून आणि मैदानाकडेच. पार्किंगमध्ये, चहाच्या टेबलाजवळ, काउंटरसमोर क्लब फिरवायचा नाही.

४. लेकरांना आणलं तर चालेल का? माझा मुलगा सहा वर्षांचा आहे.

जरूर आणा, पण प्रत्येक लेकरामागे एक मोठं माणूस हवं. त्या मोठ्या माणसाने त्या वेळात स्वतः खेळायचं नाही. एका मॅटवर एका वेळी एकच क्लब फिरेल. दोघं भाऊ असतील तर एकाचे पाच बॉल होईपर्यंत दुसरा बाकावर, आणि त्याच्या हातात क्लब नको. पाच वर्षांखालच्या लेकरांना आम्ही मॅटवर सोडत नाही.

गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या लेकराची सवय बॉलमागे धावायची असते. आपणच त्याला वर्षानुवर्षं ‘जा, बॉल आण’ म्हणून पळवलेलं असतं. इथं बॉल समोरच पडलेला दिसतो आणि पाय आपसूक निघतात. म्हणून गाडीतून उतरण्याआधीच त्याला सांगा की इथं मारलेला बॉल परत आणायचा नसतो. आल्यावर रेघ दाखवा आणि त्याच्या तोंडून तो नियम वदवून घ्या. ‘हो’ म्हणणारं लेकरू विसरतं, स्वतः म्हणून दाखवणारं बहुधा विसरत नाही.

मोठ्यांचा क्लब कापून लहान करून देऊ नका. त्याचं टोक जडच राहतं आणि ते लेकराच्या हातून निसटतं. आमच्याकडे लहान मापाचे क्लब आहेत.

५. मी डावखुरा आहे. शेजारच्यांना त्रास होतो म्हणून मला नेहमी कोपऱ्यात का पाठवतात?

त्रास होतो म्हणून नाही. उजव्या हाताने खेळणारे सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात, त्यामुळे प्रत्येकाला पुढच्याची पाठ दिसते. रांगेच्या मध्ये डावखुरा उभा राहिला की एका बाजूच्या शेजाऱ्याशी त्याची पाठीला पाठ येते आणि दोघांनाही एकमेकांचा क्लब दिसत नाही. मैदानाकडे तोंड केल्यावर उजव्या टोकाला जी मॅट आहे, तिथं तुम्हाला एकच शेजारी असतो आणि तो समोर दिसतो. आधी फोन केलात तर ती मॅट तुमच्यासाठी ठेवतो.

मॅटांच्या मध्ये जी आडवी जाळी आहे ती शँकसाठी. क्लबच्या दांड्याजवळच्या भागाला बॉल लागला की तो समोर न जाता जवळजवळ काटकोनात सुटतो, उजव्या हाताच्या खेळाडूचा उजवीकडे आणि डावखुऱ्याचा डावीकडे. नवशिक्यालाच होतं असं नाही, चांगल्या चांगल्यांना होतं. जाळीला बाहेरून टेकून उभं राहू नका, ती ताणली जाते आणि बॉल लागतोच.

६. बॉल वाकडा गेला की ‘फोर’ ओरडायचं असतं म्हणतात. पण आपल्याकडे लोकांना वाटेल चौकार मारला!

तसंच वाटतं. गोल्फ कोर्सवर जगभर ‘फोर’ हीच हाक आहे, ती तुम्ही शिकून ठेवा, कारण पुढे पुण्या-मुंबईच्या कोर्सवर गेलात तर तीच ऐकू येईल. पण इथं कुंपणाकडे माणूस दिसला तर सरळ ‘बॉल! डोकं सांभाळा!’ असं ओरडा. मोठ्याने, लगेच, न लाजता. ‘जाईल बाजूने’ म्हणत वाट बघायची नाही.

आणि अशी हाक तुम्हाला ऐकू आली तर वर बघू नका. माणूस हमखास वर बघतो आणि तोंडावर घेतो. दोन्ही हातांनी डोकं झाका, आवाजाकडे पाठ करा, खाली वाका.

७. समोर बॉल वेचणारी माणसं असताना मारलं तर काय होतं? त्यांच्याकडे हेल्मेट असतं ना?

मारायचं नाही. शिट्टी वाजली की हातातला क्लब मॅटवर आडवा ठेवायचा आणि दोन पावलं मागे यायचं. टीवर लावलेला बॉलही तसाच राहू द्यायचा. दुसरी, लांब शिट्टी वाजल्यावरच पुन्हा क्लब उचलायचा.

मोठ्या शहरांतल्या रेंजवर जाळी लावलेला छोटा ट्रॅक्टर बॉल गोळा करत फिरतो आणि लोक मारत राहतात. काही जण तर त्या ट्रॅक्टरवर नेम धरतात आणि बॉल जाळीला लागला की हसतात. आत माणूस बसलेला असतो. आमच्याकडे बॉल वेचणाऱ्यावर असा नेम धरताना कुणी दिसलं तर बकेटचे पैसे परत करून त्याला घरी पाठवतो, मग तो कितीही मोठा असामी असो.

आमच्याकडे ट्रॅक्टर नाही, बॉल हातानेच वेचतात. सकाळचं मैदान जवळून बघा म्हणजे ते काम काय आहे ते कळेल. एप्रिलपासून काळी जमीन भेगाळते, बोटं जातील एवढ्या भेगा पडतात आणि पांढरा बॉल त्यात नेमका अडकून बसतो. पावसाळ्यात तोच बॉल चिखलात पूर्ण रुततो आणि पायाने चाचपून शोधावा लागतो. वेचणारा माणूस वाकलेला असतो, तुमच्याकडे त्याची पाठ असते. हेल्मेट डोकं वाचवतं. मान, पाठ, बोटं, डोळे वाचवत नाही. त्याला दहा मिनिटं द्या.

८. रेंजला लागूनच शेत आहे. बॉल कुंपणापलीकडे गेला तर आणायला जाऊ का?

नाही. काउंटरवर फक्त सांगा. ते वावर दुसऱ्याचं आहे, त्यात कापूस नाहीतर तूर उभी असते, आणि दहा रुपयांच्या बॉलसाठी कुणाच्या पिकातून चालत जाणं बरं नाही. कुंपणाच्या दोन्ही बाजूंना वाढलेल्या गवतात हात घालण्याचा धोका वेगळा, तो प्रश्न १७ मध्ये आहे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे खुरपणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत तिथं बाया वाकून काम करत असतात. त्या पिकाच्या उंचीत दिसत नाहीत. त्या दिवसांत आम्ही त्या बाजूच्या शेवटच्या मॅटा बंद ठेवतो आणि ड्रायव्हर वापरू देत नाही. ‘मॅट रिकामी दिसते तरी देत नाहीत’ अशी तक्रार येते, तिचं कारण हे आहे. शेळ्या कधी कधी कुंपण चुकवून मैदानात येतात. शेळ्या दिसल्या म्हणजे मागे राखणारा येतोच, तेव्हाही थांबायचं.

९. आभाळ भरून आलंय पण पाऊस नाही. खेळत राहिलं तर चालेल?

गडगडाट ऐकू आला की बंद. वीज चमकल्यापासून गडगडाट कानावर पडेपर्यंत सेकंद मोजा. ३० किंवा त्याहून कमी भरले तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि पुढची तुमच्यावर पडू शकते. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं होईपर्यंत मॅटवर परत यायचं नाही.

मराठवाड्यात हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात दरवर्षी वावरात काम करणारी माणसं आणि झाडाखाली बांधलेली जनावरं विजेने जातात. रेंज म्हणजे तसंच उघडं माळरान, आणि आपल्या हातात उभी धातूची काठी. मॅटांवरचं पत्र्याचं छत उन्हासाठी आहे, विजेसाठी नाही, कारण बाजू उघड्या आहेत. लिंबाखालीही जायचं नाही. काउंटरच्या पक्क्या इमारतीत या किंवा काचा बंद करून गाडीत बसा. मोटारसायकलवर निघून जाण्याची घाई करू नका. फोनवर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप घेऊन ठेवा, आजूबाजूला वीज पडत असेल तर ते सांगतं.

१०. उन्हाळ्यात कोणत्या वेळी यावं? कपडे काय घालावेत?

मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत सकाळी साडेनऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि दुपारी मॅटचं रबर हाताला पोळतं. एकाच जागी उभं राहून खेळायचं असल्याने ऊन लागतंय हे लवकर कळत नाही. पाण्याची बाटली आणा, मिठाचं लिंबूपाणी किंवा ओआरएस त्याहून चांगलं. डोकं जड झालं, मळमळलं, घाम यायचा थांबला तर बकेट अर्धी सोडून सावलीत या आणि आम्हाला हाक मारा.

कपड्यांना बंधन नाही. पायात मात्र बूट हवेत, चप्पल नको. ओढणी, स्कार्फ, गळ्यातला गमछा खोचून घ्या, कारण स्विंगमध्ये टोक क्लबला गुंडाळतं. हाताला घाम येत असेल तर छोटा टॉवेल खिशात ठेवा.

११. क्लब गाडीच्या डिकीतच ठेवतो. चालतं ना? आणि जुन्या बाजारातून घेतलेला सेट वापरू का?

उन्हाळ्यात डिकीत ठेवू नका. क्लबचं टोक दांड्याला चिकटद्रव्याने जोडलेलं असतं आणि बंद गाडीच्या उष्णतेने ते हळूहळू सैल पडतं. मग एखाद्या स्विंगला टोक सुटून उडतं, आणि ते कुठं जाईल ते कुणाच्या हातात नसतं.

जुना सेट खुशाल वापरा, पण आधी तीन गोष्टी बघा. टोक हाताने पिळून बघा, जरा जरी हललं किंवा करकरलं तरी तो क्लब बाजूला. ग्रॅफाइटच्या दांड्यावर बोट फिरवा, चीर किंवा सुटलेला तंतू लागला तर बाजूला. ग्रिप गुळगुळीत, चकाकणारी झाली असेल तर बदलून घ्या.

१२. शेजारचा अगदीच चुकीचं मारतोय. त्याला सांगू का?

त्याने विचारलं नसेल तर नाही. मग तुम्हाला कितीही येत असो. चांगल्या मनाने सांगायला जाणारेच इथं जास्त भेटतात, पण पहिल्यांदा आलेल्या माणसाला, विशेषतः एकट्या आलेल्या बाईला, दर पाच मिनिटांनी कुणीतरी येऊन शिकवू लागलं की ती पुन्हा येत नाही. सुरक्षेची गोष्ट असेल तर मात्र लगेच बोला: रेघ ओलांडली, मागे लेकरू आलं, टोक हलतंय. तिथं ओळख नसली तरी थांबवायचं.

१३. व्हिडिओ काढायचा आहे, फोनवर बोलायचं आहे. चालेल?

व्हिडिओ मागून किंवा बाजूने, पिवळ्या पट्ट्याच्या मागे राहूनच. समोरून रील काढायला रेघेपुढे जायचं नाही, रिकाम्या मॅटपुढेही नाही (प्रश्न २). दुसऱ्याचं चित्रण त्याला विचारूनच. फोन पार्किंगकडे जाऊन घ्या, स्पीकर लावू नका. शेजारी क्लब मागे नेत असेल तेव्हा बोलणं आणि बकेट खडखडवणं थांबवा, त्याच्या पाठीमागून चालू नका. गुटखा-तंबाखू खाऊन मॅटजवळ थुंकायचं नाही.

१४. टीव्हीवर गवतावरून मारतात. इथं मॅटच का?

पाण्यामुळे. गवतावरून आयर्नने मारलं की जमिनीचा छोटा तुकडा निघतो, त्याला डिव्हट म्हणतात. तो भरून यायला रोज पाणी लागतं. ज्या भागात उन्हाळ्यात गावंच्या गावं टँकरची वाट बघतात, तिथं सरावासाठी हिरवळ पोसणं आम्हाला पटत नाही. पावसाळ्यानंतर एक छोटी गवताची पट्टी उघडतो, दिवाळीपर्यंत ती टिकते. तिथं मारताना डिव्हट एका सरळ रेषेत काढा, प्रत्येक नवा आधीच्याच्या लगेच मागे. सगळीकडे खड्डे पाडले तर गवत भरून येत नाही. एका रेषेत काढले तर दोन्ही बाजूंचं गवत सरकून जागा भरतं.

मॅटचा एक तोटा लक्षात ठेवा. क्लब बॉलच्या मागे आदळला तरी तो रबरावरून घसरून बॉलला लागतो, त्यामुळे चूक कळत नाही, आणि खालच्या काँक्रीटचा हिसका कोपराला बसतो. कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागलं तर आठवडाभर थांबा. दुखत्या कोपराने बकेट संपवू नका.

१५. दोन-चार बॉल घरी नेले तर? किंवा माझे स्वतःचे बॉल मारले तर?

दोन्ही नको. रेंजचे बॉल पट्ट्याने ओळखू येतात आणि ते रेंजचेच असतात. तुमचा बॉल मैदानात गेला की तो वेचणीत मिसळतो, परत मिळत नाही.

१६. कुणाला बॉल किंवा क्लब लागला तर काय करायचं?

सगळ्यांनी मारणं थांबवायचं आणि आम्हाला हाक मारायची. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. हळद, चहापत्ती, काहीही जखमेत भरू नका, डॉक्टरांना मग जखम आधी धुवावी लागते. डोक्याला लागलं आणि माणूस बेशुद्ध झाला, उलटी झाली, बोलणं अडखळू लागलं, झोप येऊ लागली, नाका-कानातून पाणी किंवा रक्त आलं, तर १०८ ला फोन करा आणि त्याची मान हलवू नका. कांदा हुंगवणं, तोंडात पाणी ओतणं, गदगदा हलवणं यातलं काहीही करायचं नाही.

लागल्यावर लगेच बरं वाटणं पुरेसं नसतं. डोक्याच्या माराची लक्षणं काही तासांनीही दिसू शकतात, म्हणून त्या दिवशी गाडी स्वतः चालवू नये आणि रात्री घरी कुणीतरी सोबत असावं. डोळ्याला लागलं असेल तर चोळू नका, दाबू नका, पाणीही मारू नका. डोळ्यावर दाब न येता नुसतं झाकण ठेवून सरळ नेत्रतज्ज्ञाकडे.

१७. गवतात साप असतात का?

असतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप मराठवाड्यात आहेत. म्हणून बॉलसाठी गवतात, दगडांच्या ढिगात किंवा जमिनीच्या भेगेत हात घालायचा नाही. संध्याकाळी पार्किंगपर्यंत जाताना फोनची बॅटरी लावा. चावा झालाच तर धावपळ नको, दोरीने आवळणं नको, कापणं-चोखणं नको. चावलेला भाग हलू न देता थेट सरकारी दवाखाना.

१८. गावाकडे आमचं स्वतःचं वावर मोकळं पडलंय. पेरणीआधी तिथंच सराव केला तर काय हरकत?

खऱ्या गोल्फ बॉलने एकट्याने मारणार असाल तर हरकत आहे. रेंजवर रेघ आहे, शिट्टी आहे, कुणीतरी बघणारं आहे. वावरात पायवाट असते, बांधावरून शाळेची लेकरं येतात, आणि मोकळं दिसलं तरी दीडशे मीटरवर कुणी बसलेलं असू शकतं. ढेकळावर पडलेला बॉल कुठंही उसळतो.

करायचंच असेल तर दोन सोपे मार्ग आहेत. भोकं असलेले हलके प्लास्टिकचे सरावाचे बॉल मिळतात, ते ताकदीने मारले तरी थोड्याच अंतरावर पडतात. किंवा आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) गोल्फसाठीचीच जाळी दोन खांबांना सैल टांगा, ताठ ओढू नका, ताठ जाळीवरून बॉल उलटून अंगावर येतो. क्रिकेटची जाळी वापरू नका, तिची भोकं मोठी असतात आणि गोल्फचा बॉल त्यातून आरपार जातो. जाळीच्या मागे गोठा, घर किंवा रस्ता नसावा. मागे बघून मगच स्विंग करायचा, तो नियम तिथंही तोच (प्रश्न ३).